मूळचे कुठले?

महाराष्ट्रात मुसलमान माणूस भाड्याने घर शोधत असो, नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी डबा उघडत असो की लोकलमध्ये शेजारच्याशी दोन शब्द बोलत असो, एक प्रश्न हमखास येतो. "मराठी छान बोलता हो तुम्ही. मूळचे कुठले?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईट नसते. मात्र उत्तरात चिपळूण, उदगीर किंवा मिरज असे नाव आले की तो क्षणभर गोंधळतो आणि पुन्हा विचारतो, "हो, पण त्याआधी?"

हे "त्याआधी" आपल्या वाट्याला इतक्या वेळा आले आहे की आपण त्यावर चिडतो, हसतो किंवा विषय बदलतो. मला आणखी एक मार्ग सुचवायचा आहे. या प्रश्नाचा रीतसर अभ्यास करावा. आपल्यातल्या काही मुलामुलींनी स्थलांतर आणि विविधता हा विषय समाजशास्त्राच्या अंगाने एम.ए.च्या पातळीवर शिकावा.

हे एका सॉफ्टवेअर इंजिनीअरने सांगावे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. तक्त्यात ज्या गोष्टीसाठी रकानाच नाही, ती गोष्ट कितीही मोठी असली तरी अहवालात दिसत नाही. आपल्या समाजाच्या जाण्यायेण्याचे नेमके तसेच झाले आहे.

एक उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत स्थलांतराचे कारण नोंदवायला सात पर्याय होते: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलणे, कुटुंबासोबत हलणे आणि इतर. आता १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली चाळ सोडून मुंब्र्याला गेलेले कुटुंब यात कुठे बसवाल? त्या दंगलीत ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. जी जिवंत राहिली त्यातल्या हजारोंनी घर बदलले. त्यांच्यासाठी रकाना आहे तो "इतर". घरातल्या बायकामुलांसाठी "कुटुंबासोबत". मुंब्रा एवढे का वाढले, हे त्या तक्त्यातून कुणाला कधीच कळणार नाही.

मोजदाद ही काही कारकुनी बाब नाही. २०२५ च्या जून महिन्यात मुंबई परिसरात पकडलेल्या, पश्चिम बंगालचे रहिवासी असलेल्या काही मजुरांना "बांगलादेशी" ठरवून सीमेपलीकडे ढकलण्यात आले. पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केल्यावर त्यांना परत आणावे लागले. आपल्याच देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला जाणे हा संविधानाच्या १९ व्या कलमाने दिलेला हक्क आहे. पण बंगाली बोलणारा, गरीब आणि मुसलमान, या तीन गोष्टी एकत्र आल्या की तो हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी मजुरावर येते. अशा वेळी टीव्हीवर "एवढे लाख घुसखोर" असे आकडे फेकले जातात. ते आकडे कुठून आले, कुणी मोजले, व्याख्या काय होती, हे प्रश्न विचारणारा माणूस चर्चेत नसतो. आपल्या बाजूने भावनिक बोलणारे पुष्कळ असतात. पद्धत तपासणारे फार थोडे.

या विषयात शिकवतात काय?

एका वाचक मुलीने मध्यंतरी मला विचारले होते, "भाई, मायग्रेशन म्हणजे एक गावाहून दुसऱ्या गावाला जाणे. त्यात दोन वर्षे शिकायचे काय?" प्रश्न रास्त आहे. तिला जे सांगितले ते इथे थोडे विस्ताराने मांडतो.

या अभ्यासाची पायाभरणी करणाऱ्या ग्रंथांपैकी एक म्हणजे विल्यम थॉमस आणि फ्लोरियन झ्नानिएत्स्की यांचे "द पोलिश पेझंट इन युरोप अँड अमेरिका". त्याचे पाच खंड १९१८ ते १९२० या काळात निघाले. पोलंडच्या खेड्यांतून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्यांचा हा अभ्यास. त्यांनी आधार घेतला तो घरच्या पत्रांचा. ती पत्रे मिळवायला वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. आईने मुलाला लिहिलेले, बायकोने नवऱ्याला लिहिलेले साधे पत्र हा समाजशास्त्राचा पुरावा होऊ शकतो, हे त्यातून ठरले. आता आपल्या घरांकडे पाहा. १९८० च्या दशकात दुबई-कुवेतहून कोकणात आवाज भरलेल्या कॅसेटी यायच्या. अख्खे घर टेपरेकॉर्डरभोवती बसून अब्बांचा आवाज ऐकायचे आणि त्याच कॅसेटवर आपले बोलणे भरून परत पाठवायचे. त्या कॅसेटी आज किती घरांत शिल्लक असतील? आणि ज्या असतील त्या कुणी जपून ठेवल्या आहेत का?

दुसरे नाव अब्देलमालेक सयाद यांचे. अल्जीरियात जन्मलेला आणि फ्रान्समध्ये अभ्यास केलेला हा समाजशास्त्रज्ञ. १९९८ साली त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे "दुहेरी अनुपस्थिती" या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. जो फ्रान्ससाठी "आलेला" असतो तोच गावासाठी "गेलेला" असतो. गावात तो नसतो, आणि जिथे असतो तिथे त्याला पूर्णपणे असू दिले जात नाही. कतारच्या लेबर कॅम्पात तीस वर्षे काढून खेडला परतलेल्या आणि आता मुलांशी काय बोलावे हे न सुचणाऱ्या चाचांना हे पुस्तक न वाचताही कळेल. विद्यार्थ्याला मात्र ते कळण्यासाठी भाषा लागते. ती भाषा एम.ए. देते.

तिसरी कल्पना "सुपर-डायव्हर्सिटी". स्टीव्हन व्हर्टोव्हेक यांनी २००७ साली लंडन डोळ्यांपुढे ठेवून ती मांडली. विविधता म्हणजे केवळ कुणाचा देश किंवा धर्म कोणता एवढेच नव्हे. माणूस कोणत्या कायदेशीर दर्जावर आला, कोणत्या वाटेने आला, बाई की पुरुष, वय काय, कामधंदा कोणता, या साऱ्याची सरमिसळ पाहावी लागते. लंडनला जायची गरज नाही. कौसा-मुंब्र्यातल्या एका इमारतीचे मजले मोजा. तळमजल्यावर आझमगढचा जरीवाला, पहिल्यावर रत्नागिरीचे बोटीवरून निवृत्त झालेले कुटुंब, दुसऱ्यावर नांदेडहून आलेला रिक्षावाला, तिसऱ्यावर मुर्शिदाबादचे चार मिस्त्री एका खोलीत. बाहेरून बघणारा म्हणतो, "ही मुसलमानांची बिल्डिंग." आत राहणाऱ्याला ठाऊक असते की पाण्याच्या टाकीवरून भांडण झाले की कोण कुणाच्या बाजूने उभा राहतो.

केरळने मोजले

आखातात केरळचे लोक गेले, तसे कोकणातलेही गेले. त्याआधी आपली माणसे जहाजांवर खलाशी आणि सारंग होती. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला आजही "कोकणी" म्हणून ओळखला जाणारा मुस्लिम समाज आहे. त्यांचे पूर्वज रत्नागिरी आणि जंजिऱ्याच्या पट्ट्यातून गेलेले. म्हणजे आपला इतिहास केरळपेक्षा लहान नाही.

फरक कुठे पडला? १९९८ साली तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने के. सी. झकारिया आणि एस. इरुदया राजन यांच्या पुढाकाराने केरळ मायग्रेशन सर्व्हे सुरू केला. घरोघर जाऊन विचारायचे: कोण गेले, कुठे गेले, किती पैसे पाठवतो, कधी परत आला, कर्ज किती. साधारण दर पाच वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा. २०२३ च्या फेरीत केरळचे सुमारे २२ लाख लोक परदेशात असल्याचे दिसले, आणि परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या २०१८ च्या तुलनेत जवळपास दुप्पट झाल्याचेही. हातात असे आकडे असले की सरकारशी बोलता येते. केरळात अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते आहे, परतलेल्यांसाठी कल्याण मंडळ आहे. महाराष्ट्रात असे नियमित राज्यव्यापी सर्वेक्षण नाही. म्हणून मंडणगड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन इथून किती माणसे आखातात आहेत, असे आमदारांनी विचारले तर उत्तर अंदाजाने द्यावे लागते.

"सरकारकडे पासपोर्टचा डेटा असेलच की," असे माझे सहकारी म्हणतात. तो डेटा कसा तयार होतो ते पाहा. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली काही पासपोर्टांवर ईसीआर असा शेरा असतो. असा पासपोर्टधारक आखातासह १८ देशांत कामाला निघाला तर त्याला सरकारी मंजुरी लागते. दहावी पास झालेल्याला ती लागत नाही. सरकार दरवर्षी कामगारांचे जे आकडे देते ते प्रामुख्याने या मंजुरीचे असतात. म्हणजे दहावी पास झालेला एसी मेकॅनिक, अकाउंटंट आणि व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथेच काम धरणारा त्या आकड्यात येत नाही. आपण जितके शिकत गेलो तितके सरकारी आकड्यातून नाहीसे होत गेलो. हे कळायला फार हुशारी लागत नाही, पण कुणीतरी बसून ते पाहावे लागते.

घरातल्या बायांचे स्थलांतर

२०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक स्थलांतरित मोजले गेले. त्यात दोन-तृतीयांशाहून अधिक स्त्रिया होत्या आणि त्यांचे मुख्य कारण "लग्न" असे नोंदलेले आहे. स्थलांतरित म्हटले की डोळ्यांपुढे डोक्यावर गाठोडे घेतलेला पुरुष येतो. प्रत्यक्षात भारतातला सर्वांत मोठा स्थलांतरित वर्ग म्हणजे सासरी गेलेली मुलगी. पण "लग्न" हा रकाना भरला की तिच्याविषयी विचारणे संपते. मालेगावला लग्न होऊन आलेली मुलगी घरात बसून साड्यांचे धागे कापत असेल, भिवंडीत गोधड्या शिवत असेल, तर ती कामगार आहे. तक्त्यात ती फक्त बायको असते.

आणि जिचा नवरा आखातात आहे ती? लीला गुलाटी यांनी केरळातल्या अशा बायांवर पुस्तक लिहिले, ते १९९३ साली आले. नवरा दूर असताना बँकेचे व्यवहार शिकलेल्या, घर बांधून घेतलेल्या, आणि त्याच वेळी सासरच्या नजरेखाली वावरणाऱ्या बाया त्यात दिसतात. कोकणात अशा बाया प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांच्याशी तासन्‌तास मोकळेपणी कोण बोलू शकेल? दिल्लीहून आठ दिवसांसाठी आलेला संशोधक नक्कीच नाही. त्यांच्या घरात "खाला" म्हणत शिरणारी, त्यांचीच बोली बोलणारी मुलगी बोलू शकेल. म्हणून हा विषय मुलींनी घ्यावा, असा माझा विशेष आग्रह आहे.

अभ्यास आपल्यालाही सोडणार नाही

इथे एक इशारा द्यायला हवा. समाजशास्त्र हे वकीलपत्र नसते. आपली बाजू मांडायची म्हणून या विषयात शिरणाऱ्याच्या हाती काही गैरसोयीचे निष्कर्षही लागतील, आणि ते लपवता येणार नाहीत.

मराठी बोलणारा मुसलमान स्वतः "मूळचे कुठले?" या प्रश्नाने दुखावतो. तोच उत्तर प्रदेशातून आलेल्या नमाजी भावाला "भय्या" म्हणतो आणि बंगाली मजुराला खोली भाड्याने द्यायला नकार देतो. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे लग्नाची गोष्ट निघाली की मोमीन, बागवान, पिंजारी, तांबोळी, अत्तार, कोकणी असे वेगळे होतात. परदेशातून आलेल्या पैशातून बंगले उभे राहिले, पण त्याच गावातली मुलगी बारावीनंतर कॉलेजला किती लांब जाऊ शकते, हा प्रश्न तिथेच राहिला. शिकलेला इंजिनीअर अमेरिकेला गेला की "एनआरआय" आणि प्लास्टर करणारा पुण्याला आला की "परप्रांतीय", हा भेद जसा बाहेरच्यांचा आहे तसाच आपलाही आहे. विविधतेचा अभ्यास म्हणजे इतरांनी आपल्याला किती सामावून घेतले याचाच हिशेब असे समजू नये. आपण कुणाला सामावले, हेही त्यात विचारले जाते.

आपल्या कॅलेंडरची सुरुवातच एका स्थलांतरापासून होते. मक्केहून आलेले मुहाजिर आणि मदिनेचे अन्सार यांच्यात बंधुभाव कसा जोडला गेला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आज मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, कोंढवा इथे आलेला कोण आणि यजमान कोण, हे विचारायला ती गोष्ट उपयोगी पडावी. भिवंडी-मालेगावच्या मागावर बसलेल्या कित्येक मोमीन कुटुंबांचे पूर्वज १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून आग्रा रोडने आले. पाच-सहा पिढ्यांनंतर तीच कुटुंबे आज कालच आलेल्या कामगाराकडे बाहेरचा म्हणून पाहतात. बाहेरचा होणे आणि बाहेरचा न राहणे याला किती वर्षे लागतात, आणि काहींना ती कधीच पुरी का पडत नाहीत, हा या अभ्यासाचा गाभा आहे.

नोकरी, पैसा आणि वाट

घरचे विचारतील, "एम.ए. करून पोट भरणार का?" खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. इंजिनीअरिंगसारखी कॅम्पस प्लेसमेंट इथे नसते. पण कामे आहेत. आजीविका ब्युरोसारख्या संस्था अंतर्गत स्थलांतरित मजुरांबरोबर काम करतात. सर्वेक्षण संस्था, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, वर्तमानपत्रांचे डेटा विभाग, विद्यापीठे आणि सरकारी नियोजन यांत अशी माणसे लागतात. ज्याला आकडेवारी हाताळता येते आणि मोहल्ल्यात जाऊन मुलाखतही घेता येते, असा माणूस दुर्मीळ आहे. आपल्यात बी.एससी., बी.कॉम. आणि बी.ई. झालेले खूप आहेत. त्यांची अर्धी तयारी झालेलीच आहे. असगर अली इंजिनीअर यांनी मुंबई महापालिकेत बरीच वर्षे सिव्हिल इंजिनीअर म्हणून काम केले आणि मग दंगली व समाज यांच्या अभ्यासाला आयुष्य दिले, हे या ठिकाणी आठवावे.

वाट तीन प्रकारची आहे. पहिली जवळची: कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर बहुतेक विद्यापीठांत समाजशास्त्राचे एम.ए. करता येते. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आणि तिथेच असलेली, १९५६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था या दोन्ही आपल्या दारात आहेत. दुसरी नोकरी सांभाळून: इग्नूच्या समाजशास्त्र एम.ए.मध्ये डायस्पोरावर स्वतंत्र पेपर आहे. तिसरी परदेशातली: जर्मनीत कील विद्यापीठात "मायग्रेशन अँड डायव्हर्सिटी" याच नावाचा एम.ए. आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण व्हिसासाठी वर्षाला सुमारे १२ हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. शिवाय युरोपातल्या अनेक अभ्यासक्रमांना पदवीत समाजशास्त्राचे ठरावीक श्रेयांक हवे असतात. इंजिनीअरांनी अर्ज करण्याआधी ते तपासून घ्यावे.

पैशाची बाजू कठीण झाली आहे, हे मान्य करायला हवे. अल्पसंख्याक संशोधकांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज भरणारी "पढो परदेश" या दोन्ही केंद्रीय योजना २०२२-२३ पासून बंद झाल्या. महाराष्ट्रात २०२४ साली अल्पसंख्याकांसाठी "मार्टी" ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर झाली. बार्टी आणि सारथी यांच्या धर्तीवर तिने संशोधकांना फेलोशिप द्यावी आणि त्यात समाजविज्ञानाला पुरेशी जागा असावी, ही मागणी आपल्या चळवळीने लावून धरली पाहिजे. नवी संस्था म्हणजे फक्त स्पर्धा परीक्षांचे वर्ग असे होता कामा नये. आणि आपल्या जमाती, ट्रस्ट, शिक्षण संस्था दरवर्षी मेडिकल-इंजिनीअरिंगच्या मुलांचे सत्कार करतात, शिष्यवृत्त्या देतात. त्यातली एक शिष्यवृत्ती एखाद्या तालुक्याच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या मुलीला द्यावी. खर्च फार येणार नाही. उरेल ते मात्र पुष्कळ काळ टिकेल.

सच्चर समितीला २००६ साली असे दिसले की मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेल्यांचे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी आहे. तो अहवाल आपण गेली अनेक वर्षे भाषणांत वापरतो. पुढचे अहवाल लिहिणाऱ्यांत आपली मुले असावीत, ही अपेक्षा वाजवी आहे.

एम.ए.ला प्रवेश घेण्याआधीही सुरुवात करता येते. येत्या सुट्टीत आपल्या मोहल्ल्यातल्या पाच वडीलधाऱ्यांना भेटा. कुठून आलात, कुणाच्या ओळखीने आलात, पहिली खोली कुणी दिली, पहिला पगार किती, परत जावेसे का वाटले किंवा वाटले नाही, एवढे विचारा. परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा. जुने पासपोर्ट, जहाजावरची कागदपत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, कॅसेटी दिसल्या तर फोटो काढून तारीख लिहा. आम्हाला पाठवलेत तर नावे गाळून दोन्ही भाषांत छापू. आपल्या गावाची अशी पन्नास टिपणे जमली की तुमच्या हातात प्रबंधाचा विषयही असेल आणि "मूळचे कुठले?" असे विचारणाऱ्याला देण्यासाठी सविस्तर उत्तरही.